वाढीव खोली

शलाका कोळेकरच्या आतड्याला व्रण झाले, त्या महिन्यापासून तिच्या घरातला संडासाकडे जाणारा बोळ लांबू लागला. सात पावलांचा बोळ आषाढात चाळीस पावलांचा झाला. दिवाळीला ती उठली की नवरा, अशोक, वाटेत प्यायला तिच्या हातात पाण्याची बाटली द्यायचा. रोज शौचातून रक्त पडायचं. एसटीतली वाहकाची नोकरी रजेवर लोंबकळत होती.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. "ह्या प्रतिकारशक्ती दाबतात. आतड्याची आग विझेल. पण हजारात एखाद्याला पुढे कॅन्सर होतो, हेही ऐकून ठेवा."

"बोळ कमी होईल ना?" शलाकानं विचारलं.

"होईल."

झालाही. शलाका पुन्हा जतच्या गाडीवर जाऊ लागली. वाटेत भजी खाऊ लागली. चार वर्षं सुखाची गेली.

पाचव्या वर्षी स्वयंपाकघरामागं एक खोली उगवली. ती कुणी बांधली नव्हती. तिला दार नव्हतं, खिडकी नव्हती. मार्चमध्ये कपाटाएवढी होती. जूनमध्ये ओटा तिच्या आत गेला. अशोकनं शेगडी पुढच्या खोलीत मांडली.

शलाकानं त्या खोलीच्या भिंतीचा गिलावा चमच्यानं खरवडला आणि डबीत घालून दवाखान्यात नेला. आठवड्यानं बाईंनी तपासणीचा कागद पुढे सरकवला. लसीका ग्रंथींचा कॅन्सर.

"हजारात एखादा म्हणाला होतात," शलाका म्हणाली.

"हो. म्हणाले होते."

"मग आता?" अशोकनं विचारलं.

"गोळ्या बंद करा. कधी कधी खोली आपणहून आटते. नाही आटली तर पाडायची औषधं आहेत."

"पाडताना घर राहतं का, बाई?"

बाईंनी चष्मा पुसला. "सोमवारी या."

गोळ्या बंद केल्यावर नवव्या दिवशी पोटात कळ आली. शलाका उठली. बोळाच्या टोकाचा दिवा मोहरीएवढा दिसत होता.

"मी येऊ का गं सोबत?"

"नको. दूध उतू जाईल. तुम्ही थांबा."

ती पोट धरून चालत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, डावीकडची भिंत आपली नाही. खोली बोळाबरोबर लांबत आली होती. गिलावा ताजा, कोमट होता. मागून अशोक काहीतरी ओरडला, पण शब्द पोचले नाहीत. धरायला दुसरं काहीच नव्हतं. शलाकानं त्या भिंतीवर तळहात टेकला आणि पुढचं पाऊल टाकलं.