शेंदराखालची रेघ

मित्रांनो, मोहगावच्या एका घरात, दाराजवळच्या खुंटीला मी टांगलेला असतो. मी क्रेनचा जुना आकडा आहे. मला खाली काढतात ते फक्त शाळेसाठी. ही कसली शाळा, ते सांगतो.

भट्टीत लाल होऊन, घणाखाली वाकून मी घडलो. आगगाडीने पांढुर्ण्याला उतरलो आणि बैलगाडीने सौसरच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये आलो. तिथल्या हातक्रेनला मला लावलं. माणसं हँडल फिरवायची आणि मी कापसाच्या गाठी उचलून बैलगाड्यांवर ठेवायचो. खाली उभं राहून गाठी वळवायचं काम कवडूचं होतं. माझं ओझं त्याच्या डोक्यावरून जायचं. म्हणून त्याची बायको मनकर्णा दर दसऱ्याला मला तेलात कालवलेला शेंदूर चोपडायची आणि हात जोडून म्हणायची, "माह्या माणसाले सांभाळ रे बाप्पा."

मला अभिमान वाटायचा. लेपावर लेप चढत गेला. आत कुठंतरी दुखू लागलं होतं, पण आकड्याला बोलता कुठं येतं?

मग नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि सौसर मध्यप्रदेशातच राहिलं, त्या वर्षी दिवाळीनंतर पुंडलिकराव आले. नागपूरच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म क्रेनवर गेला होता. तिथं साखळी तुटून त्यांचा जोडीदार गेला. तेव्हा नोकरी सोडून ते आपल्या गावी, मोहगावला परतले आणि क्रेन सुरक्षितपणे कशी चालवायची, हे गावोगाव स्वतःच शिकवायचं त्यांनी ठरवलं. आमची प्रेस ही त्यांची पहिलीच शाळा.

मुकादम भिवाजी हसला. "क्रेन शिकवून राहिले म्हणता? उद्या बैलाले चालणं शिकवाल, जी!"

"बैल ठेचकाळला तर सोता पडते, भिवाजी. हा आकडा तुटला तर कवडूवर पडते. शेंदूर खरवडू द्या, खालचं लोखंड पाहू."

"देव खरवडाले आला हा!" कोणीतरी ओरडलं. मालकांनीही बजावलं, "शेंदराले हात लावाल तर कोणत्याच प्रेसमध्ये तुम्हाले कोणी उभं करणार नाही."

पुंडलिकराव गप्प बसले असते, तर त्यांची शाळा चालली असती. पण ते माझ्यासमोरून हलले नाहीत.

कवडूची भाकर घेऊन आलेली मनकर्णा पुढं झाली. "भाऊजी, खाली काहीच नाही निघालं तर?"

"तर माफी मागीन, अन् नवा शेंदूर मीच लावीन."

"अन् निघालं तर?"

पुंडलिकरावांनी नुसतं कवडूकडे पाहिलं.

तिनं विळा मागितला. "मीच लावला, मीच काढते."

तिनं मला खरवडलं. पुंडलिकरावांनी माझ्या अंगाला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची भुकटी चोळली. सगळे वाट पाहत राहिले. हळूहळू माझ्या वाकावर एक काळी रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

भिवाजीनं मला साखळीतून सोडवलं.

"मीच झाकून राहिली होती का हे?" मनकर्णा रडू लागली.

"नाही वहिनी. इथं याच्याकडे पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच होत्या. आता फक्त शेंदूर लावायच्या आधी पाहा."

मला वाटलं, आता भंगार. पण पुंडलिकरावांनी मला मागून घेतलं. मालकांनीच त्यांचं नाव बाकीच्या प्रेसवाल्यांना सांगितलं. बोरगाव, तिगाव, पांढुर्णा, कुठंही शाळा असली की आधी माझ्यावर खडू फिरतो. रेघ उमटली की हसणारी माणसं आपापले आकडे पुसायला घेतात. ज्या भेगेनं मी एखाद्याचा जीव घेतला असता, तीच दाखवत मी हिंडतो. एवढं भाग्य किती लोखंडाच्या वाट्याला येतं?

मनकर्णा आजही दसऱ्याला प्रेसमध्ये जाते. नव्या आकड्याला आधी रॉकेल आणि खडू लावते. रेघ नाही याची खात्री झाली, की मगच क्रेनच्या खांबाला कुंकवाचं बोट लावते. आकडा मात्र उघडा ठेवते.

मित्रांनो, तुमचं ओझं वाहणाऱ्याला हात जोडा, पण आधी त्याला पुसून, उजेडात धरून पाहा. त्याला बोलता येत नाही.

परवा कवडू मोहगावला आला होता. पांढऱ्या केसांचा, स्वतःच्या पायांनी चालत. खुंटीजवळ थांबून त्यानं माझ्या भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सांभाळलं बरं तू मले, बाप्पा."