कडेची पात

मंगलच्या शेतात बायकांनी तुरीच्या पाती, एकेकीच्या वाट्याच्या ओळी, धरल्या होत्या. बोलावणं नसताना रेणुकाबाई बांधावरून उतरली, पदर खोचला आणि कडेची मोकळी पात धरून विळा चालवू लागली. दोन-तीन विळे थांबले.

"अक्का, तू?" मंगल म्हणाली.

"कामून? माझा विळा चालत न्हाई का?"

बायका पुन्हा खाली वाकल्या.

दुबलगुंडी गावच्या एका गल्लीतल्या या बायका सावडीनं कापणी करत आल्या. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मध्ये पैशाचं नाव नाही. रेणुकाबाईची उमर त्यातच गेली. पण गेल्या साली गुडघ्यानं दगा दिला आणि तिला कुणाच्याच शेतात जाता येईना. मुलगा सिद्धराम हैदराबादेत लिफ्ट बसवायच्या कामावर. तो फोनवर म्हणाला, "आई, कामून लोकांची मिनतवारी करायलीस? मी पैसे टाकतो. बायकांना दिवसाचा रोज दे अन् मोकळी हो."

तिनं रोज दिला. वर चहा पाजला आणि मालकिणीसारखी दिवसभर बांधावर उभी राहिली. एरवी ज्या बायकांच्या तोंडाला खळ नसे, त्या तिच्यासमोर 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच बोलल्या.

यंदा येळवस, शेतातल्या पूजेची अमावस्या, सरली, तुरी वाळल्या, आणि त्याच बायका हसतखिदळत तिच्या दारावरून जाऊ लागल्या. कुणी हाक मारली नाही. आपण पैसे दाखवले म्हणून या रुसल्या, असं तिनं धरून ठेवलं. राग नाही, पण वाईट वाटलं, फार वाईट. सिद्धरामनं घेतलेला फ्रीज घरात होता. सोबत भाकरी मोडायला कुणी नव्हतं.

दुपारी जेवायला बसल्यावर भागम्मानं न विचारता तिच्या भाकरीवर ठेचा ठेवला. भागम्मा वयानं सगळ्यांत मोठी, आणि तोंडानंही.

"हैदराबादचा पैसा गोड लागंना का गं? उन्हात कामून मरायलीस?"

बायका हसल्या. रेणुकाबाईही हसली. गुडघा ठणकत होता, तरी वर्षभरात तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

दिवस कलल्यावर तिनं मंगलला बाजूला घेतलं.

"उद्या माझी तूर. सावडीनं या. मागच्या साली पैसे दिले ते चुकलं माझं. पोटात घाल."

मंगल विळ्याची धार बघत राहिली.

"चुकलं कुठं अक्का? त्या पैशात पोरीच्या कॉलेजचा बसपास निघाला. भागम्मानं चष्मा केला. यंदाबी रोजानं सांगशील म्हणून तुझी तूर आम्ही शेवटाला ठेवली. तूच सांगितलं न्हाईस."

"मग मला हाक कामून मारली न्हाई?"

"आमच्या शेतात तुला हाक मारली की सावड झाली. मग तुझ्याकडं रोज कुठल्या तोंडानं मागायचा?"

रेणुकाबाई रुसलेल्यांची समजूत काढायला आली होती आणि इथं कुणी रुसलंच नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "रोजानं या."

वाटेत तिनं सिद्धरामला फोन लावला. त्यानं लगेच पैसे टाकले, आणि तू उन्हात जाऊ नकोस म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेतात बायकांनी पाती धरल्या. ती चहाची किटली घेऊन बांधावर उभी राहिली. सगळ्या गप्पच होत्या. भागम्मानं चष्मा सारखा केला आणि मान वर केली.

"कडंची पात कुणाची?"

"उभी काय राहिलीस रेणुका? उतर की खाली."

रेणुकाबाई उतरली. थोड्याच वेळात पलीकडून कुणीतरी भागम्माच्या चष्म्याची नक्कल केली आणि पाती बोलू लागल्या.

संध्याकाळी, खात्यातले पैसे देणाऱ्या दुकानातून काढून आणलेल्या नोटांची पिशवी तिनं मंगलच्या हातात दिली. स्वतःच्या हातानं रोज वाटायला तिचं मन होईना.

"तूच दे सगळ्यांना."

मंगलनं एकेकीच्या हातावर रोज ठेवला, आपला घेतला. मग आणखी एक रोज काढून रेणुकाबाईपुढं धरला.

"मला कशाला? माझेच पैसे हायत."

"पात धरलीस का न्हाई?"

"घे," भागम्मा म्हणाली. "मागं व्हतीस माझ्या, तरी पुरा रोज देयलाव."

रेणुकाबाईनं नोटा घेतल्या, डोळ्यांना लावल्या. सिद्धरामच्या उरलेल्या नोटा पिशवीत तशाच राहू दिल्या. तिच्या रोजाची मात्र तिनं पदराला गाठ मारली, आणि विळा काखेत मारून बायकांमागून गावाकडं निघाली.