तीस दुबार सभासद

मधपाळ मंडळाच्या कचेरीत पहिल्या दिवशी मी मोजलं ते असं: लोखंडी कपाट एक, त्यात खण चार, खणांत सभासदांची कार्डं दोनशे तेरा, खुर्च्या पाच, त्यांतल्या बसण्यासारख्या तीन, मंडळाचा मोबाइल एक आणि मंडळाची सचिव एक. सचिव म्हणजे माझी आत्या.

पदवी हातात होती, नोकरी नव्हती. आत्याला कार्डं संगणकात घालून हवी होती. कारण फवारणी. आसपासच्या फळबागा औषध मारण्याच्या आदल्या दिवशी मंडळाला कळवतात. मग तीन किलोमीटरच्या आतल्या सगळ्या पेट्यांची दारं त्या संध्याकाळी, माश्या परतल्यावर, जाळीने बंद करावी लागतात. एखाद्याला निरोप पोचला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा सडा. आत्या एकेकाला फोन करायची आणि त्यात दिवस जायचा.

तीन आठवड्यांत मी सगळी कार्डं चढवली. शेवटी एकच फोन नंबर दोनदा आला असेल तर एक नोंद ठेवून बाकीच्या काढायला संगणकाला सांगितलं. एकशे त्र्याऐंशी उरल्या.

"आत्या, तीस कार्डं दुबार होती."

"तीस? अगं, मी माणूस समोर बसवून कार्ड करते."

"नंबर तेच आहेत. संगणक कशाला खोटं बोलेल?"

"असेल बाई. परवा दूध गॅसवर ठेवून विसरले, तिथे कार्डांचं काय."

त्या दिवसापासून ती कुलूप लावून दोनदा ओढून पाहायला लागली. कुणी सभेची तारीख विचारली की आधी माझ्याकडे बघायची. पुढच्या सभेत सचिवपद सोडते, असंही एकदा चहा गाळताना म्हणाली. मी मान हलवली. नावं ताडून पाहायचं मात्र मला सुचलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता नदीपलीकडच्या बागेतून कळवलं: उद्या सकाळी सहाला फवारणी. मी एक बटण दाबलं. एकशे त्र्याऐंशी संदेश गेले, एकशे त्र्याऐंशी पोचले. आत्याच्या पुढ्यातला मंडळाचा मोबाइलही किणकिणला.

तिने चष्मा चढवला. "हा कुलूपवाल्यांच्या नावाचा निरोप माझ्याकडे कसा?"

"त्यांनी हाच नंबर दिलाय."

"हो, दिलाय. ज्याला फोनची कटकट नको तो हाच देतो. म्हणतात, तुम्हीच सांगा बाई कुणाच्या तरी हाती. मग बाकीच्यांचे कुठे आहेत?"

"बाकीचे म्हणजे?"

तिने सरळ खण ओढला. मंडळाचाच नंबर लिहिलेली कार्डं तिने टेबलावर मांडली आणि मी मोजली. एकतीस. एकतीस वेगळी नावं, एकतीस वेगळे पत्ते.

"आत्या, दुबार एकही नव्हतं. तीस माणसं मी पुसली. तुझी काहीच चूक नव्हती."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"माझ्यापेक्षा तरी."

"ते काय मोठंसं!" ती हसली. कितीतरी दिवसांनी. "रडायचं ते उद्या. आता लिहून घे."

कार्डावर पत्ता घरचा असतो, पेट्या असतात भलतीकडेच. त्या कुठे आहेत ते आत्याला पाठ होतं. नदीपलीकडच्या बागेपासून तीन किलोमीटरच्या आत या एकतिसांतले नऊ निघाले. कुलूपवाल्यांना निरोप पाववाल्याकडून, दोघी शिक्षिका बहिणींना शाळेच्या पहारेकऱ्याकडून, तिरसट छापखानेवाल्याला त्याच्या सुनेकडून. "सासऱ्यांना सांगतेस ना गं? आणि म्हणावं, सभेत ओरडायचं असेल तर पेट्या बंद करून या," आत्या तिला फोनवर म्हणाली. चार वाजेपर्यंत आठ झाले.

नववे घड्याळजी. पेट्या अकरा, बागेच्या कुंपणापासून चारशे मीटर. ऐकू येत नाही म्हणून फोन नाही. दुकान बंद.

"आज दुसरा गुरुवार ना? मग ते नगरभवनाच्या मनोऱ्यात," आत्या म्हणाली. "घड्याळाला किल्ली देतात. तिथून परस्पर बहिणीकडे जातात, ते उद्या दुपारी उगवतात."

मनोऱ्याला चौऱ्याण्णव पायऱ्या. आत्याचे गुडघे बघून मी म्हटलं, "तू खाली थांब."

"तुला ओळखतात का ते? पोरीने थट्टा केली म्हणून हाकलतील. चल, मागून ढकल."

साठाव्या पायरीवर ती बसली. "माझ्या सासूने एवढं चालवलं नसतं मला." मग पुन्हा उठली. वर पोचलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि घड्याळजी हात पुसत पिशवी भरत होते. आत्याला दारात पाहून ते दचकले.

"सभा आज होती का?" ते खूप मोठ्याने म्हणाले.

आत्याने धापा टाकत माझी वही ओढली आणि लिहिलं: उद्या सहाला फवारणी. जाळ्या लावा. त्यांनी वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"बाई, तुम्ही वर आलात?"

"मग काय घड्याळाने सांगितलं असतं?" ती म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नाही, पण ते हसले.

अंधार पडताना आम्ही तिघांनी अकरा दारं बंद केली. दहाव्या पेटीची जाळी लहान पडली, तिथे आत्याने पदराची पिन काढून दिली. परतताना तिने मला सांगितलं, संगणकात एक रकाना वाढव, 'निरोप कुणाच्या हाती', आणि एकतीस उत्तरं चालता चालताच सांगून टाकली. सचिवपदाचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही.

शुक्रवारी फवारणी सहाला सुरू झाली, नऊला संपली. घड्याळजींनी दुपारी दारं उघडली आणि प्रत्येक पेटीसमोर पांढरं कापड अंथरलं. शनिवारी दुपारी त्यांनी आणि मी वेगवेगळं मोजलं आणि आकडे जुळवले. अकरा कापडांवर मेलेल्या माश्या एकशे सत्तावीस. आदल्या शनिवारी, फवारणी नसताना, त्यांनी तेवढ्याच वेळात मोजल्या होत्या एकशे चौतीस.