इल्माच्या हातची टोपी

आर्व्हो छपरावर चढून फावड्यानं बर्फ खाली ढकलत होता, तेव्हा ऐलीची गाडी दारात आली. नोव्हेंबरातला मंगळवार होता. मंगळवारी चर्चच्या तळघरात बायका विणायला जमत, आणि आर्व्होची बायको इल्मा ऐलीच्याच गाडीतून जाई-येई. आज गाडीतून ऐली एकटीच उतरली. तिच्या हातात इल्माची पिशवी होती.

"इल्मा कुठंय?" आर्व्होनं वरूनच विचारलं.

"तू आधी खाली उतर."

"अगं, पण ती कुठंय?"

"खाली उतर म्हणते ना. शिडी धरते मी."

ऐलीनं जन्मात कधी त्याची शिडी धरली नव्हती. जमिनीला पाय लागायच्या आतच त्याला कळून चुकलं.

इल्मा विणता विणता खुर्चीतच कलंडली होती. माणसं धावली, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कॉफीचा कप भरलेला तसाच होता, ऐली म्हणाली. हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं.

पिशवीत क्रोशाची सुई, करड्या लोकरीचा गुंडा आणि अर्धी टोपी होती. टोपी आर्व्होसाठीच होती. त्याचं डोकं मोठं, दुकानातली कुठलीच टोपी कानांवर येत नसे. "डोकं आहे की कढई!" असं म्हणत इल्मानं लोकरीचाच धागा त्याच्या कपाळाभोवती गुंडाळून माप घेतलं होतं. टोपी माथ्यापासून सुरू करून गोल गोल फेऱ्यांनी ती कपाळापर्यंत आली होती. कानांवरचा भाग आणि खालची दुमड राहिली होती. शेवटचा फास सुटू नये म्हणून ऐलीनं त्यात सेफ्टी पिन अडकवली होती.

त्या तळघराची एक रीत होती. विणणारी गेली की तिचं काम अर्धं ठेवायचं नाही. उरलेल्या बायकांनी एकेक फेरी घालून ते पुरं करायचं आणि घरच्यांच्या हातात द्यायचं. इल्माच्या अंत्यप्रार्थनेनंतर त्या बायकांतली साइमी टोपी मागायला आली.

"दे ती टोपी. दोन कॉफ्या होईपर्यंत संपवू."

"नको."

"नको म्हणजे? अर्धं ठेवत नाहीत, आर्व्हो."

"मी करीन पुरी."

"तू? अरे बाबा, तुझ्या शर्टाला बटण लावायला तरी इल्माच लागायची."

"आता कोण लावणार? शिकायला तर लागणारच."

 साइमी वेलचीचा पाव टेबलावर ठेवून निघून गेली.

आर्व्होनं आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली होती. बारीक काम त्याला नवं नव्हतं. ऐलीनं तिच्या स्वयंपाकघरात बसवून त्याला आधी साखळीचे टाके शिकवले, मग खांबाचे. तो डावखुरा. सुई आपसूक डाव्या हातात गेली. ऐली आरशातलं करून दाखवावं तसं त्याला उलटं करून दाखवी. हातरुमालाएवढा एक तुकडा बरा जमला, तशी त्याला घाई झाली. घरी जाऊन त्यानं पिन काढली आणि इल्माच्या टोपीत सुई घातली.

दुसऱ्या दिवशी तो टोपी घेऊन ऐलीकडे आला. "हे असं का दिसतंय?"

ऐलीनं ती खिडकीशी धरली. वरच्या भागात टाक्यांची सुलट बाजू दिसत होती आणि खालच्या भागात उलट. टाके मोजून बरोबर, पण पाठमोरे.

"माझीच चूक. मला आधीच सुचायला हवं होतं," ती म्हणाली. "इल्मा उजव्या हाताची. तिची फेरी एका दिशेनं जाते, तुझी दुसऱ्या. तू आतल्या बाजूनं विणलंस."

"आता?"

"तुझं तेवढं उसवायचं. हळू, एकेक... अरे, हळू!"

आर्व्होनं धागा ओढला होता. क्रोशाचं काम एका धाग्यावर उभं असतं. गाठ नाही, अडसर नाही. त्याच्या हातात राग होता, आणि लोकर सरसर उसवत गेली. त्याचे टाके संपले तरी हात थांबला नाही.

"थांब! थांब, तिचं आलं!"

तो थांबला. ऐलीनं फास बोटात पकडून पिन लावली.

"किती गेलं?"

"थोडंच."

"तिचं किती गेलं, ऐली?"

"एक फेरी. सगळी नाही." मग ती म्हणाली, "इल्मा स्वतः विणायची त्याहून उसवायची जास्त. साइमी तर म्हणायची, हिला पगार उसवायचाच द्या."

आर्व्हो हसला नाही. ऐलीनं त्याच्यापुढचा न खाल्लेला पाव उचलून नेला तेव्हाही तो मोकळ्या धाग्याकडेच बघत होता.

त्यानंतर तो मंगळवारी तळघरात जाऊन बसू लागला. सुई उजव्या हातात घेतली. अंगठा ताठरे, धागा आवळला जाई, आणि फेरीचा शेवटचा टाका तो हमखास चुकवी. त्यामुळे त्याची पहिली टोपी खाली अरुंद होत गेली.

"ही कुणाची? तुझ्या मांजराची?" साइमीनं विचारलं.

"मांजरसुद्धा नाही म्हणालं."

दुसरी टोपी फार सैल झाली. पुढची एखाद्या पोराच्या डोक्याला बसेल अशी झाली. नाताळात चर्चमधल्या झाडावर बायका मुलांसाठी टोप्या-हातमोजे टांगतात, तिथं साइमीनं ती आपल्या हातानं लावली. नाताळनंतर पाहिलं तर ती कुणीतरी नेली होती.

जमीन गोठल्यानं दफन हिवाळाभर थांबलं होतं; मे महिन्यात जमीन मोकळी झाली, तेव्हा इल्माला माती दिली. कॉफीच्या वेळी साइमी त्याच्या शेजारी येऊन बसली.

"आता हात बसलाय तुझा. तिची टोपी घे की."

"घेईन."

"अडलंय कुठं?"

त्यानं सांगितलं. उसवलेली लोकर सरळ नसते. टाक्यांची वळणं तिच्यात तशीच राहतात. टोपीजवळच्या दोन-तीन हात धाग्यात इल्माच्या टाक्यांची वळणं आहेत. त्याच धाग्यानं पुढं विणायचं तर आधी तो कोमट पाण्यात भिजवायचा, वजन लावून वाळवायचा. मग तिची वळणं जातात.

"जातात," साइमी म्हणाली. 

टोपी आता जेवणाच्या टेबलावर असते, आर्व्होच्या समोरच्या जागेवर. उजव्या हातानं तो आता नीट विणतो, फेरी चुकत नाही. धागा धुवायचा राहिला आहे. गेलेली फेरी पुन्हा घालायची राहिली आहे, आणि कानांवरचा सगळा भाग राहिला आहे.