उजव्या बाजूचे टायर

नंदाबाईच्या चहाच्या टपरीला गाडी धडकली तवा चालवत मी होते, हे म्या लगेच कबूल केलं. पण चूक माझी, हे कबूल करायला मी काही येडी न्हाई.

अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून सोमवारपासून मला घनसावंगीला रुजू व्हायचं होतं. आमच्या गावातनं सकाळची जीप कधी येईल, देवालाच माहीत. म्हणून हट्टानं गाडी शिकले, लायसन काढलं. आमचे मालक, काकासाहेब, शेजारी बसून हजार सूचना द्यायचे. त्या दिवशी चौकात शेळी आडवी आली, म्या ब्रेक दाबला, अन् गाडी सरळ थांबायची सोडून उजवीकडं वळली, ती थेट टपरीच्या खांबाला. पत्रा खाली आला, कपबशा फुटल्या. नशीब, बाकड्यावर कुणी नव्हतं.

"झालं समाधान?" मालक उतरता उतरताच ओरडले. "आजपासून स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. घनसावंगी-बिनसावंगी बिलकुल बंद!"

"आवो, म्या उजवीकडं वळवलीच न्हाई!"

"मंग काय शेळीनं वळवली?"

लोक खदाखदा हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुणाची चूक ते आधी ठरवा, मंगच हिथनं हला."

समोरच्या पंक्चरच्या दुकानातला बद्रीनाथ हात पुसत आला. माझ्याकडं बघितलं न्हाई की मालकांकडं. खाली बसला अन् दोन्हीकडच्या टायरवरून हात फिरवला.

"नंदाबाई, रस्त्यावर पाणी मारलं का तुम्ही?"

"धूळ बसावी म्हणून रोजच मारते की," तिचा आवाज जरा उतरला.

"उजवा टायर नवाकोरा, डावा पार गुळगुळीत. ओल्यात ब्रेक दाबला की उजवा रस्ता धरतो, डावा घसरतो. गाडी उजवीकडंच वळणार. वहिनींची काही चूक न्हाई." मंग मालकांकडं वळला. "दिवाळीत दोन टायर टाकले तवाच म्या बोललो होतो, पुढं बराबर जोडी लावा. आईकलं का तुम्ही?"

"मंग ते लावले कुठं?" म्या विचारलं.

मालक घड्याळ बघायला लागले. बद्रीनाथच बोलला, "दोन्ही उजव्या बाजूला. एक पुढं, एक मागं. म्हणले, तिकडं मी बसतो."

मघाशी हसणारे लोक आता मालकांकडं बघायला लागले.

"अन् डावीकडं कोण बसतं?" म्या म्हणलं. "तुम्ही चालवता तवा पुढं मी, मागं आपली लेक शालू. दिवाळीपासून."

"न्हाई गं कौसल्या," मालकांचा चेहरा पडला. "खरंच, तसं काही माझ्या मनात नव्हतं."

"तेच म्हणते मी. मनातच नव्हतो आम्ही."

हे बोलताना मला रडू आलं, चारचौघांत, अन् त्याचाच जास्ती राग आला.

मालकांनी मुकाट्यानं पत्रा उचलून लावला, नंदाबाईला कपबशा आणून देतो म्हणून शब्द दिला. मंग सवयीनं उजव्या दाराकडं निघाले.

"तिकडं न्हाई," म्या म्हणलं. "आज तुम्ही माझ्या जागेवर बसा."

बसले. घरापर्यंत म्या बैलगाडीच्या चालीनं गाडी नेली. तरी प्रत्येक वळणाला ते दाराची मूठ घट्ट धरून बसले होते. आमच्या गल्लीशी आल्यावर हळूच म्हणाले, "उद्याच डावीकडचे दोन्ही बदलतो. सोमवारी किती वाजता निघतीस?"