दोन यांग मी-रान

कोरियातल्या जोंजू शहराच्या महिला प्रशिक्षण केंद्रात आम्ही सोळाजणी प्रोग्रॅमिंग शिकत होतो. बहुतेकींची नोकरी सुटलेली, मुलं हाताशी आलेली. त्या दिवशी सो सरांनी डिक्शनरी, म्हणजे जोड्याजोड्यांनी माहिती साठवायची यादी, शिकवायला घेतली. डावीकडे प्रत्येकीचं नाव, उजवीकडे तिला दुपारी काय खायचंय ते. सगळं भरून झालं की 'लेन' लिहायचं, म्हणजे नोंदी किती ते कळतं.

कळलं, पंधरा.

सरांनी पडद्यावरून नजर फिरवली आणि हसले. वर्गात यांग मी-रान दोघी होत्या. डावीकडे तेच नाव पुन्हा आलं की नवी नोंद होत नाही, जुनीवरच नवीन लिहिलं जातं. त्यामुळे एकीच्या थंड नूडल्स पुसल्या गेल्या आणि दुसरीचा बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, तेवढा राहिला. मोजणी बरोबरच आहे, सर म्हणाले, एकीने नावापुढे 'बी' लावा.

नूडल्सवाली मी-रान पन्नाशीची, मोज्यांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली. "मी बी लावणार नाही," ती म्हणाली.

हे नुसतं उदाहरण आहे, असं सरांनी समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग सांगितलं, की शाळेत ती शेवटपर्यंत मी-रान बी होती, कारखान्यात 'ती दुसरी'. आता बस.

धाकटी मी-रान अवघडली. "ताई, मी लावते ना. मला काही वाटत नाही."

"तूही लावू नकोस. दोघी इथे बसलोय ना? मग आहोत त्याच नावाने दोघी मोजल्या गेल्या पाहिजेत."

सर वैतागले. सांगितलं तसं केलं नाही तर आजचे गुण कापीन, म्हणाले.

"कापा."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. डावीकडे नावाऐवजी मोबाइल नंबर टाकायचा, नाव आणि जेवण दोन्ही उजवीकडे. नंबर तरी दोघींचा एक नसणार. भूक लागल्याची कुरकुर झाली, पण एकेकीने नंबर सांगितले. धाकटी वाचत गेली, ही टाइप करत गेली. बोटं चुकत होती. पुसून पुन्हा मारत होती.

सोळा आले.

खऱ्या कामात असंच करतात, हे सरांनी कबूल केलं. गुण मात्र कापलेच.

थोरल्या मी-रानने पडद्यावरचा सोळाचा आकडा पाहिला. "ठीक आहे," ती म्हणाली. "आता पुढचं शिकवा."