उंबराचं पाणी आणि निळी वायर

सेलिनामायला कोणी 'पडून राहा' म्हटलं की ती हमखास उठून बसायची, हे भोईवाड्यातल्या अख्ख्या गोम्सवाडीला ठाऊक होतं. म्हणून कमरेचं हाड मोडल्यावर डॉक्टरांनी "महिनाभर जिना उतरायचा नाही म्हणजे नाही" असं बजावलं, तेव्हा वाडीला म्हातारीपेक्षा डॉक्टरांचीच जास्त काळजी वाटली. पण या खेपेला माय भांडली नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडली. मग मात्र अख्खी वाडी हवालदिल झाली.

कारण तसंच होतं. तिची नात ॲलिसन हिचं लग्न तोंडावर आलं होतं. वाडीतल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर जातात आणि पाणी आणतात; त्यालाच उंबराचं पाणी म्हणतात. त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. विहिरीवर गाणं होतं. एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. ती सांगणारी म्हणजे सेलिनामाय! वाडीतली एकही पोर तिच्या गाण्याशिवाय न्हालेली नव्हती. आणि आता स्वतःच्या नातीच्या वेळी ती तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. खिडकीतून दिसायचे ते फक्त शिवडीकडे निघालेले ट्रक, आणि त्यांच्या भोंग्यांपुढे कोणाचा आवाज विहिरीपर्यंत पोचणार होता?

"खुर्चीत बसवून चौघं जण उतरवू की," मुलगा नॉर्मन म्हणाला. हा ॲलिसनचा बाप, बँकेतून रिटायर झालेला आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत हात घालणारा.

"त्या जिन्यावरून? आपला फ्रीज खिडकीतून चढवला होता, विसरलास? आईला खिडकीतून सोडतोस काय?" माय भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

मग मोबाईल आणला. एक फोन मायच्या हातात, एक खाली विहिरीपाशी जमलेल्या बायकांकडे. मायने पहिली ओळ सांगितली. खालून काहीच नाही. तिला वाटलं, बायकांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा सुरू केली, तर तेवढ्यात पहिल्या ओळीचं उत्तर आलं. ती थांबली, बायकाही थांबल्या. तिने परत तोंड उघडलं, तर बायकांनीही उघडलं. शेवटी मायने फोन उशीखाली कोंबला.

"लग्नाचं गाणं आहे का मासळीबाजार? सांगून टाका त्या बँडवाल्याला, रेकॉर्ड लाव म्हणावं. मी मेले असं समजा."

मरणाचं नाव निघालं आणि ॲलिसन रडायलाच लागली. तिचा भाऊ एल्रॉय मात्र दारात उभा राहून हसत होता. मायने त्याला चप्पल दाखवली.

"अगं माय, तुझी चूक नाही, इंटरनेटची आहे," तो म्हणाला. "तुझा आवाज कुठल्या कुठे फिरून खाली येतो. त्याला उशीर होणारच. आपण त्याला फिरूच द्यायचा नाही."

एल्रॉय लोअर परळच्या ऑफिसांत मीटिंगच्या खोल्यांमध्ये पडदे, कॅमेरे, स्पीकर बसवायचं काम करायचा. रविवारी तो दोन छोटे डबे आणि निळ्या वायरचं भेंडोळं घेऊन आला. एक डबा मायच्या टीव्हीमागे, दुसरा खाली विहिरीजवळच्या टेबलावर, कॅमेऱ्याला जोडलेला. मध्ये एकच वायर, कॉम्प्युटरच्या नेटवर्कला वापरतात तसली. गॅलरीच्या कठड्याला बांधत बांधत ती तीन मजले वर नेली. चित्र त्यातून वर येणार, आवाज दोन्हीकडून जाणार आणि मायच्या हातातल्या रिमोटचा हुकूमही त्याच वायरीतून खाली पोचणार. इंटरनेटचा संबंधच नाही. या डब्यातून त्या डब्यात, मध्ये कोणी नाही.

"एवढीशी वायर एवढं सगळं नेते?" मायने नाक मुरडलं.

"ओळ तर सांग. खाली बायका उभ्या आहेत."

मायने अगदी पडेल आवाजात ओळ सांगितली. ती संपते न संपते तोच खालून बायकांनी उचलली. कशी? जशी विहिरीवर उचलायच्या तशी! मायच्या अंगावर काटा आला. तिने दुसरी सांगितली, मोठ्याने. तीही उचलली. तिसऱ्या ओळीला ती उशीला टेकून बसली होती आणि ताटलीवर ताल धरत होती. एल्रॉयला तिने जवळ ओढलं, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "गाढवा, हे आधी का नाही केलंस?"

मग आठवडाभर रोज तालीम. ॲलिसन ऑफिसातून आली की बायकांच्या मागे पायरीवर चहा घेऊन बसायची. तिला गाणं येत नव्हतं, शब्दही अर्धे कळत नव्हते, ती नुसती ऐकायची.

पाण्याच्या दिवशी माय संध्याकाळची वाट न बघता दुपारी चारलाच तयार झाली. हिंदमात्याच्या बाजारातून आणलेलं नवं लुगडं नेसून, केसात आबोली माळून ती पलंगावर बसली. सोबतीला शेजारच्या कमळाबाई होत्या, मालवणच्या. दोघींची चाळीस वर्षं भांडणात आणि मैत्रीत गेलेली.

रिमोट मायच्या हातात. उजवं बटण दाबलं की खालचा कॅमेरा उजवीकडे वळे, डावं दाबलं की डावीकडे. असं राज्य हातात आल्यावर ती स्वस्थ बसते होय? तिने आधी बँडवाले बघितले, मग व्याह्यांचे कपडे बघितले, मग कॅमेरा सरळ जेवणाच्या टेबलाकडे वळवला. तिथे तळलेल्या गोडसर फुग्यांच्या परातीपाशी नॉर्मन पाठ करून उभा होता आणि त्याचा गाल हलत होता.

"नॉर्मन!" विहिरीवरचा स्पीकर गरजला. "फुगे पाहुण्यांसाठी आहेत! तुझी शुगर किती आहे, सांगू का सगळ्यांना?"

वाडी खो खो हसली. व्याही तर डोळे पुसायला लागले. नॉर्मनने तोंडातला फुगा गिळला आणि कॅमेऱ्याला हात जोडले. "गो सेलिना, अशी सासू मला मिळाली असती तर मी विहिरीतच उडी घेतली असती," कमळाबाई म्हणाल्या, आणि मायला इतकं हसू आलं की कंबर दुखली.

मग बँड थांबला. ॲलिसन डोक्यावर पदर घेऊन विहिरीपाशी आली. घुमटावर, त्या मडक्यासारख्या वाद्यावर, थाप पडली आणि मायने गाणं धरलं.

*विहिरीच्या पान्याला वाजत जाऊ गो,*
*आमच्या नवरीला न्हाऊ घालू गो...*

खालून पन्नास गळ्यांनी ओळ उचलली. या गाण्यात घरच्या माणसांना एकेक करून विहिरीवर बोलावतात. बाप आला, नारळ घेऊन आला. आई आली, तेल घेऊन आली. मामा, मावशी, आत्या. मायचा आवाज असा लागला होता की कमळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आत्या आली, सोनं घेऊन आली, असं मायने सांगितलं आणि टीव्ही काळा झाला.

चित्र नाही, आवाज नाही.

"गेला गो!" कमळाबाई ओरडल्या आणि टीव्हीवर थापट्या मारायला लागल्या. मायने हात वर करून त्यांना गप्प केलं. पाण्याचं गाणं अर्ध्यात सोडायचं नसतं, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. ऐकणारं कोणी असो वा नसो. तिने पुढची ओळ सांगितली. मग बायकांना मागून म्हणायला जेवढा वेळ लागला असता, तेवढी ती ताटलीवर ताल धरून थांबली आणि त्याच्या पुढची ओळ सांगितली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ताल सोडला नाही. मागच्या खोलीत, काळ्या पडद्यासमोर म्हातारी गात होती आणि थांबत होती.

खाली काय झालं होतं? नॉर्मन झाला होता, दुसरं काय! कॅनडातल्या त्याच्या बहिणीने, जेनने, फोन केला की तुम्ही इंटरनेटवरून दाखवताय ते लाइव्ह मला दिसत नाही, अडकलंय. नॉर्मनने विहिरीजवळच्या टेबलाकडे बघितलं. इंटरनेटच्या वायरसारखीच निळी वायर, तसलंच टोक. ती त्याने डब्यातून उपटली आणि शेजारच्या वायफायच्या यंत्रात खुपसली. टोक चपखल बसलं, म्हणजे बरोबरच असणार, अशी त्याची खात्री. जेनला तर काही दिसलं नाहीच, मायलाही दिसेनासं झालं. एल्रॉय गर्दीतून लोकांच्या पायांवर पाय देत धावला. "डॅडी, ते इंटरनेट नाही!" म्हणत त्याने वायर काढली, परत डब्यात घातली आणि दोन्ही डबे एकमेकांना ओळखेपर्यंत जीव मुठीत धरून उभा राहिला.

वर माय पुढच्या कडव्यापाशी आली होती. हे कडवं आजीचं. हे कसं म्हणायचं, या विचाराने ती आठवडाभर मनात कुढत होती, कारण ते खोटं होतं. ती विहिरीवर आलेली नव्हती आणि येणारही नव्हती. तिने ताटलीवर थाप मारली आणि सुरुवात केली.

*माय आली गो पान्याला...*

टीव्ही उजळला. आवाज आला. खाली गाणं थांबलेलंच नव्हतं. घुमट वाजत होतं, बायका तयारीत उभ्या होत्या आणि विहिरीच्या कठड्याला धरून, पदर घसरलेला, गळा फाटेस्तोवर ओळ सांगत होती ती नवरी स्वतः. ॲलिसन! तिच्या तोंडी नेमके तेच शब्द होते, त्याच तालावर. *माय आली गो पान्याला, काठी टेकीत आली...*

दोघींनी ओळ एकदम संपवली. वरच्या खोलीतला आवाज स्पीकरमधून विहिरीवर पडला. ॲलिसनने चमकून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि रडता रडता हसली. पन्नास गळ्यांनी ओळ उचलली.

मायला पुढची ओळ सांगायची होती. ती तिने ॲलिसनसाठी सोडली. मग रिमोट कमळाबाईंच्या हातात दिला, आणि जन्मात पहिल्यांदा, बायकांबरोबर मागून म्हणायला लागली.